रविवारची पाळी

टांपेरे, फिनलंड. 28 मे 2023.

सकाळी 9. लॅटव्हियाच्या आइस हॉकी संघाची ड्रेसिंगरूम वासावरूनच कळते. ओलं चामडं, घाम, चिकटपट्टी. काल दुपारी कॅनडाने जागतिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात लॅटव्हियाला 4-2 ने हरवलं. आज लगेच कांस्यपदकासाठी अमेरिका. मधे एकच रात्र, आणि सामान सांभाळणाऱ्यांची त्याहून आखूड. हातमोजे गरम हवेवर सुकवायचे, स्केटची पाती सहाणेवर धरायची. गोलकीपरचं सगळं सामान वीस किलोच्या घरात. पॅडची चांगली जोडी दीड-दोन हजार डॉलर, एक स्टिक दोनशेच्या पुढे. लॅटव्हियाचाच जुना गोलकीपर आर्तुर्स इर्बे अमेरिकेत खेळायचा, तेव्हा तेच ते पॅड स्वतः शिवून वर्षानुवर्षं वापरायचा. मला तो म्हणूनच आवडतो.

दुपारी 1. आजचा गोलकीपर आर्तुर्स शिलोव्स. वय 22, बंदराच्या गावचा, व्हेंट्सपिल्सचा. नोकरी कॅनडातल्या व्हँकुव्हर क्लबची, करार दुहेरी. एनएचएल या उत्तर अमेरिकेच्या सर्वांत वरच्या लीगच्या संघात जितके दिवस नाव, तितक्याच दिवसांचा मोठा पगार. हा पगार त्या हंगामात वर्षाला किमान साडेसात लाख डॉलरच्या हिशेबाने. बाकीचे दिवस खालच्या लीगमध्ये अ‍ॅबट्सफर्डला, कितीतरी कमीत. त्या वर्षी एनएचएलचे सामने मिळाले पाच.

दुपारी 3.20. सुरुवात. समोर सलग आठ सामने जिंकून उपांत्य फेरीत जर्मनीकडून हरलेला संघ. पक, म्हणजे खेळाची चकती, 170 ग्रॅमची, कडक रबराची, उसळू नये म्हणून आधी गारठवलेली. गोल सहा फूट रुंद, चार फूट उंच. बाकीचे पाऊण मिनिट पळतात आणि बाकावर येऊन धापा टाकतात. गोलकीपरला बदली नाही. गुडघ्यावर बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. आपल्याकडे भातलावणीत कंबर जाते, इथे मांड्या आणि जांघा. विश्रांतीत बर्फावरून यंत्र फिरतं. तेवढ्यात आतला ओला सदरा बदलायचा, पाणी प्यायचं. घामाने दोन-तीन किलो वजन सहज उतरतं.

संध्याकाळी 5 च्या पुढे. अमेरिका 3, लॅटव्हिया 2. सहाएक मिनिटं उरली असताना क्रिस्तियान्स रुबीन्स बरोबरी करतो. हा बचावपटू, गोल करणं हे त्याचं रोजचं काम नव्हे. जादा वेळेत तिघांविरुद्ध तिघे. बर्फ मोकळा, गोलकीपरला आडोसा नाही. दीड मिनिटाच्या आत पुन्हा रुबीन्सच. 4-3. लॅटव्हियाची आजवरची मजल सातव्या क्रमांकापर्यंतच होती. हे पहिलं पदक. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून शिलोव्सचं नाव पुकारलं जातं.

मध्यरात्रीच्या सुमारास, लॅटव्हियाची राजधानी रिगा. संसद भरते. काही सदस्य हॉकीचा टी-शर्ट घालून आलेत. ठराव मिनिटांत मंजूर: उद्या सोमवारी देशाला सुट्टी.

सोमवार. संघ घरी येतो, स्वातंत्र्यस्मारकापाशी रीघ लागते. सुट्टी रात्रीत ठरलेली, त्यामुळे कामाच्या पाळ्या आणि आधी ठरलेल्या वेळा लावताना तारांबळ. शिलोव्सचा करार मात्र तोच. पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा तो पुन्हा अ‍ॅबट्सफर्डला, खालच्या लीगच्या पगारावर.