विश्लेषण : ठरवलेले काम नेमक्या वेळीच का आठवत नाही?

१ फेब्रुवारी १९९१ची संध्याकाळ. लॉस एंजेलिस विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यातून एका छोट्या प्रवासी विमानाला धावपट्टीवर येऊन थांबण्याची सूचना मिळाली. उड्डाणाची परवानगी थोड्या वेळाने द्यायची होती. मधल्या काळात नियंत्रक महिला दुसऱ्याच विमानाशी तुटलेला संपर्क जोडण्यात गुंतली आणि थांबवलेले विमान तिच्या लक्षातून निसटले. त्याच धावपट्टीवर तिने एका बोइंग ७३७ला उतरण्याची परवानगी दिली. टक्कर झाली, ३०हून अधिक जणांचा मृत्यू झाला.

ही कोणती स्मृती?

काल काय घडले ते आठवणे वेगळे आणि पुढे काय करायचे ते वेळेवर आठवणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला मानसशास्त्रात ‘प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी’ म्हणतात, मराठीत भावी स्मृती म्हणता येईल. परीक्षेत निदान प्रश्न समोर असतो, इथे कुणी विचारत नाही. ‘येताना कोथिंबीर आण’ हे आपण विसरलेलो नसतो. घरात पाऊल टाकताच, रिकामी पिशवी पाहून ते आठवतेच. फक्त भाजीवाल्यासमोरून जाताना ते वर आलेले नसते.

खुणेला बांधलेले काम (भाजीवाला दिसला की कोथिंबीर) तुलनेने सोपे. घड्याळाला बांधलेले (२० मिनिटांनी गॅस बंद) अवघड, कारण आठवण करून देणारे बाहेर काहीच नसते, मनालाच अधूनमधून डोकावून पाहावे लागते. गिल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल यांनी १९९०मध्ये शब्द पाठ करण्यात गुंतलेल्यांना ठरावीक शब्द दिसताच कळ दाबायला सांगितले. त्यात ज्येष्ठ मंडळी तरुणांच्या मागे पडली नाहीत. ‘वय झाले, आता विसरायला होते’ हे दर वेळी खरे नसते.

मन भरकटते, तेव्हा?

हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१०मध्ये २,२५० प्रौढांना आयफोनवरून दिवसभरात अवचित विचारले, ‘आत्ता मन कुठे आहे?’ सुमारे ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हते. म्हणजे भाजीवाला डोळ्यांना दिसतो, पण मन कालच्या मीटिंगमध्ये असते.

तरी सगळा दोष भरकटण्याला देता येत नाही. २०११मध्ये बेंजामिन बेअर्ड, जोनाथन स्मॉलवूड आणि जोनाथन स्कूलर यांना दिसले, की सुटलेले मन भूतकाळापेक्षा भविष्याकडेच जास्त जाते, पुढचे बेत आखते. वीजबिल भरायचे राहिले आहे, हे आंघोळ करताना आठवते ते यामुळेच. पंचाईत एवढीच, की तेव्हा हातात फोन नसतो!

मग करायचे काय?

पदराला गाठ मारण्याची जुनी युक्ती अपुरी आहे. गाठ दिसते, पण कशासाठी मारली ते सांगत नाही. पीटर गोलवित्झर यांचा उपाय अधिक नेमका आहे : ‘बिल भरायचे आहे’ असे न म्हणता ‘चहाचा कप खाली ठेवला की बिल भरेन’ असे जागेपणी ठरवायचे. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा फायदा ठळक दिसला. मोबाइलचा रिमाइंडरही उपयोगी, पण तो गर्दीच्या लोकलमध्ये वाजला तर बोट फिरवून बाजूला सारला जातो आणि काम तिथेच संपते.

लॉस एंजेलिसच्या चौकशीतही बोट एकट्या नियंत्रकाकडे दाखवले गेले नाही. एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात येईल अशी व्यवस्थाच मनोऱ्यात नव्हती, असा ठपका व्यवस्थापनावर ठेवला गेला.

घरात हीच अडचण रोजच्या गोळ्यांची. इथे विसरण्याइतकाच धोका उलट बाजूने असतो : घेतली की नाही ते आठवत नाही, म्हणून दुसऱ्यांदा घेतली जाते. औषधाच्या दुकानात सात वारांची नावे असलेली डबी मिळते. मंगळवारचा कप्पा रिकामा असेल, तर मंगळवारची गोळी घेऊन झाली.