आई कामावर, शाळा बंद : सुट्टीत लेकरं सांभाळायची कशी?



2021 च्या उन्हाळ्यात पहिली ते चौथीची लेकरं मार्च 2020 पासून शाळेत गेलेली नव्हती. वरचे वर्ग काही ठिकाणी मध्येच उघडले आणि दुसरी लाट येताच पुन्हा बंद झाले. अंगणवाडीलाही कुलूप होतं. 1 मे 2021 पासून उन्हाळी सुट्टी लागली. आईबापाचं काम मात्र सगळ्यांचं थांबलेलं नव्हतं. कचरा रोज उचलावा लागतो, दवाखान्यातल्या आयाबाईला ड्युटी आहे, वॉचमनला गेटवर उभं राहावंच लागतं, भाजीची गाडी लावली नाही तर संध्याकाळी चूल पेटत नाही. मग लेकरं कुठं ठेवायची?

वस्तीत अशा वेळी तीन उपाय चालतात. तिन्ही फुकटचे वाटतात, पण तिन्हींची किंमत मोठी आहे.

पहिला उपाय, बाहेरून कडी लावून जाणं. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याचं घर भट्टीसारखं तापतं. आत गॅस, स्टोव्ह, बोर्डाच्या उघड्या वायरी, पाण्याचं पिंप, शीतपेयाच्या बाटलीत भरलेलं रॉकेल. काही झालं तर लेकराला बाहेर पडता येत नाही आणि शेजाऱ्याला आत जाता येत नाही. कितीही नाइलाज असला तरी बाहेरून कडी लावू नका.

दुसरा उपाय, थोरल्या मुलीच्या गळ्यात घालणं. दहा-अकरा वर्षांची पोर दोन भावंडांना खाऊ घालते, पाणी भरते, भांडी घासते. तिचा मोबाइलवरचा अभ्यास आधी सुटतो, मग शाळाच सुटते. शिवाय लहान्याला फिट आली किंवा त्यानं काही गिळलं तर त्या वयात तिला काय सुचणार? तासभर मदत करणं वेगळं आणि दिवसभराची जबाबदारी वेगळी. हे मुलालाही तितकंच लागू आहे, पण जबाबदारी पडते ती बहुतेक मुलीवरच.

तिसरा उपाय, आजी. लेकरांना कोरोना झाला तर तो बहुतेक वेळा सौम्य असतो. कित्येकांना काही त्रासच होत नाही. पण त्यांच्याकडून तो आजीला होऊ शकतो. तिला बीपी, शुगर, दम्याचा त्रास असेल तर तोच आजार जिवावर बेततो. चार गल्ल्या फिरून आलेली पाच नातवंडं आजीच्या मांडीवर देणं हा आजीसाठी मोठा धोका आहे.

तीन घरं, एक माणूस, एक जागा

यातून वाट काढायची तर एक गोष्ट धरून चाला. दोन किंवा तीन घरांनी मिळून एक गट करायचा. सांभाळणारं माणूस ठरलेलं, जागा ठरलेली, मुलंही तीच. रोज नवं घर नाही.

समजा, तुमचा मुलगा सोमवारी मावशीकडे, मंगळवारी शेजारणीकडे, बुधवारी आत्याकडे असा सहा दिवस सहा घरी राहिला. घरटी पाच माणसं धरली तरी आठवड्यात तीस माणसांशी संबंध आला. त्यातल्या एकाला लागण झाली तर ती सहाही घरांत पोचू शकते आणि कुठून आली ते कळतही नाही. तीच तीन घरं ठरलेली असतील तर पंधरा माणसं होतात. कोणी आजारी पडलं तर कोणाला कळवायचं आणि कोणी घरी थांबायचं हे लगेच ठरवता येतं. गटामुळे धोका शून्य होत नाही. तो आटोक्यात राहतो, आणि एवढं आपल्या हातात आहे.

पाच-सहापेक्षा जास्त मुलं एका गटात घेऊ नका. दोन वर्षांच्या आतली असतील तर एका माणसाला दोनच पुरे.

सांभाळणार कोण?

आधी आपल्याच घरात बघा. नाका बंद आहे, रिक्षाला गिऱ्हाईक नाही, म्हणून घरी बसलेला बाप आहे का? बाई ड्युटीवर जाते आणि बाप कट्ट्यावर बसतो, तर लेकरू त्यानं सांभाळायचं. वरण-भात भरवायला आणि ढुंगण धुवायला कोणी बाईच असावी लागते असं नाही.

नाहीतर गटातली अशी व्यक्ती निवडा जिचं काम सुटलं आहे, तब्येत ठणठणीत आहे आणि जी दिवसभर इतर ठिकाणी जात नाही. धुणीभांड्याचं काम गेलेल्या बायका वस्तीत असतात. मात्र तिला पैसे द्या. समजा पाच मुलं आहेत आणि मुलामागे रोज 40 रुपये ठरले, तर तिला 200 रुपये मिळतात. ज्याला जमत नाही त्यानं धान्य द्यावं किंवा सुट्टीच्या दिवशी स्वतः सगळी मुलं सांभाळावीत. ‘ती आपलीच आहे’ म्हणून फुकट राबवाल, तर आठ दिवसांत गट मोडेल.

आजीशिवाय कोणीच नसेल तर आजीनं बाहेर खाटेवर बसून लक्ष ठेवावं. आंघोळ घालणं, भरवणं, उचलून घेणं दुसऱ्यानं करावं. मुलांजवळ असताना आजीनं नाका-तोंडावर मास्क ठेवावा. साठीच्या वरच्यांना 1 मार्च 2021 पासून आणि पंचेचाळिशीच्या वरच्यांना 1 एप्रिल 2021 पासून लस सुरू झाली होती. तेव्हा गटातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी केंद्रावर न्यायचं होतं. बीपी-शुगरच्या गोळ्या बंद पडू देऊ नका.

आणखी एक गोष्ट लाजून टाळू नका. लेकरू कोणाकडे ठेवतो आहोत ते नीट पारखा. दार दिवसभर उघडं असावं. मधूनमधून दुसऱ्या मोठ्या माणसाची फेरी असावी. ‘मी तिथं जाणार नाही’ असं लेकरू म्हणालं तर रागावू नका, जवळ घेऊन विचारा. काही संशय आला तर 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर आहे. फोन फुकट आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो.

जागा कशी असावी?

बंद खोलीत हा आजार लवकर पसरतो, कारण श्वासावाटे बाहेर पडलेले बारीक कण तिथल्याच हवेत राहतात. म्हणून सकाळी कडुनिंबाच्या सावलीत, अंगणात, गच्चीच्या सावलीत बसवा. दुपारी 12 ते 4 उन्हात नको. त्या वेळी विहाराचा किंवा समाजमंदिराचा व्हरांडा सगळ्यात चांगला. तिथं पंखा असतो, छप्पर उंच असतं, दोन्हीकडून वारा येतो. विहार समितीशी बोलून दुपारचे चार तास मागून घ्या. खिडक्या-दारं उघडी हवीत. एका वेळी एकच गट बसवा, पाच गटांची जत्रा भरवू नका.

घरातच ठेवायचं असेल तर समोरासमोरची दार-खिडकी उघडी ठेवा. पत्र्यावर ओली गोणपाटं टाका.

रोजचे नियम

सकाळी लेकरू सोडताना दारातच तीन प्रश्न विचारा. रात्री ताप, खोकला, जुलाब होते का? घरात कोणाला आहेत का? घरातल्या कोणाची तपासणी केली आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर लेकरू त्या दिवशी घरीच.

पाण्याची बाटली, ताट-वाटी आणि टॉवेल ज्याचा त्यानं आणायचा. आल्यावर, खाण्याआधी आणि संडासहून आल्यावर साबणानं 20 सेकंद हात धुवायचे. साबण असेल तर सॅनिटायझरची गरज नाही, आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावू नका. बारा वर्षांवरच्यांनी मोठ्यांसारखाच लावावा. मधल्या वयाच्यांनी सार्वजनिक संडासला किंवा दुकानात जाताना, मोठ्यांच्या देखरेखीखाली लावावा.

सफाई किंवा दवाखान्याच्या कामावरून आल्यावर आधी कपडे बदला, हातपाय-तोंड धुवा, जमलं तर आंघोळ करा, मगच लेकराला उचला. अंगावर पिणारं बाळ असेल तर पाजणं सोडू नका. आईला कोरोना झाला तरी मास्क लावून, हात धुऊन पाजता येतं. कामावर जाताना काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजा, बाटली नको.

2021 मध्ये अंगणवाडी बंद असली तरी 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलांचा कोरडा शिधा घरी मिळायला हवा होता. मिळत नसेल तर सेविकेकडे विचारायचं होतं.

उन्हाचा आणि विषाचा धोका

दर तासाला पाणी पाजा, लेकरू मागत नसलं तरी. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर ओआरएसची मोठी पुडी 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण घाला. पुडी नसेल तर 1 लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. हे पाणी 24 तासांनंतर फेकून द्या. अंग चटका बसण्याइतकं तापलं आणि लेकरू बरळू लागलं तर ते ऊन लागणं समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका.

रॉकेल, फिनेल, उंदराचं औषध उंचावर आणि त्याच्या मूळ डब्यातच ठेवा. लेकरू रॉकेल प्यालं तर उलटी करवू नका. उलटीबरोबर रॉकेल फुप्फुसात जाण्याची भीती असते. बाटली सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा.

गटात कोणी आजारी पडलं तर?

हे आधीच ठरवा, कारण त्या वेळी भांडणं होतात. कोणाची तपासणी पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी गट बंद. तिन्ही घरांना खरं सांगायचं. संपर्कात आलेल्यांनी घरी राहायचं आणि आरोग्य केंद्रात विचारून तपासणी करून घ्यायची. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आजार लपवला, तर तो दुसऱ्याच्या आजीपर्यंत जातो. आणि ज्यानं खरं सांगितलं त्याच्या घराकडे बोट दाखवू नका. वाळीत टाकणं म्हणजे काय असतं ते आपल्याला वेगळं शिकवायला नको. त्या घराच्या उंबऱ्याबाहेर डबा आणि औषध ठेवणं हेही गटाचंच काम.

तापाला पॅरासिटामॉल द्या, पण डोस वजनावर असतो. नर्स किंवा डॉक्टरला विचारूनच द्या. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका.

लेकरू शांत असताना पोट-छाती वर-खाली होताना बघा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे 50 किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते, ओठ निळे पडतात, काही पीत नाही, सगळं उलटून टाकतं, फिट येते, जागं करूनही डोळे उघडत नाही, यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा. घरात कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी लेकराला ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी असं एकत्र दिसलं, तर ‘उष्णता झाली’ म्हणून थांबू नका. डॉक्टरला कोरोना झाल्याचंही सांगा.

मालकाचीही जबाबदारी आहे

लेकरू सांभाळणं ही फक्त आपली अडचण नाही. 1928 साली मुंबई कौन्सिलात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या मदतीचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला होता. तो भार एकट्या बाईवर टाकू नये, हीच त्यामागची भूमिका. 2021 साली यासाठी कायदे होते. 30 पेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं होतं. 50 पेक्षा जास्त बायका असलेल्या बांधकामावरही हवं होतं. 2017 च्या दुरुस्तीप्रमाणे 50 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं होतं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यायला हवं होतं. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर सांभाळायला एक बाई नेमावी लागत होती आणि तिला मजुरी मिळत होती.

महामारीत एका खोलीत चाळीस मुलं कोंबा असं कोणी म्हणत नाही. पण पाळणाघर बंद असेल तर शिफ्ट बदलून द्या, नवरा-बायको एकाच ठिकाणी असतील तर वेगवेगळ्या पाळ्या द्या, एवढं मागता येतं. एकटीनं मागितलं तर ठेकेदार कामावरून काढतो. दहा जणींनी सह्या करून, युनियनमार्फत, लेखी मागा आणि पोच घ्या.

येत्या रविवारी तीन घरांनी अंतर ठेवून अंगणात बसा. वहीच्या एका पानावर लिहा : कोणती मुलं, कोण सांभाळणार, कुठं, किती वाजल्यापासून, किती पैसे, आजारी पडलं तर काय. त्याखाली सगळ्या आईबापांचे फोन नंबर, 108 आणि 1098 लिहा. ते पान सांभाळणारीच्या घरात, हात पोचेल तिथं भिंतीला चिकटवा. सोमवारी कामावर निघताना थोरली पोर हातात वही घेऊन बसलेली असेल, आजी लांब खाटेवर असेल आणि दाराला कडी नसेल, एवढं तरी आपण करूच शकतो.