हाताखालचीं माणसें

एखाद्या कचेरींतील मुख्य कारकून निवृत्त झाला म्हणजे सेवेनें ज्येष्ठ असा दुसरा कारकून त्याच्या खुर्चीवर बसतो. कालपर्यंत तो उत्तम मसुदे लिहीत होता. आज दहा जणांकडून काम करून घेणें त्याच्या वाट्यास येतें, आणि महिन्याभरांत सारी कचेरी कुरकुरूं लागते. दोष त्याचा नसतो. वीस वर्षांत त्याच्यावर एकहि काम आरंभापासून अखेरपर्यंत सोंपविलेलें नसतें. हल्लीं अशांसाठीं दोन-तीन दिवसांचे वर्ग भरवितात. पण काठावरचें व्याख्यान ऐकून पोहतां येत नाहीं.

या दृष्टीनें किर्लोस्करवाडीचा आरंभ पाहण्यासारखा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. तेथें त्यांची बढती डावलली जाऊन ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. नोकरी सोडून ते बेळगांवीं सायकलींच्या धंद्यांत शिरले व पुढें कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. १९१० सालीं औंधच्या अधिपतींच्या आश्रयानें कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर त्यांनीं कारखाना मांडला, तेव्हां तेथें निवडुंग आणि साप यांचेंच राज्य होतें.

बरोबर आलेलीं माणसें पारखून घेतलेले पदवीधर नव्हतीं. अनंतराव फळणीकरांचें शिक्षण शाळेंतच अर्धवट सुटलेलें. पण यंत्रांचें काम हातीं येतांच त्यांच्यांतून कल्पक इंजिनियर निघाला. के. के. कुलकर्णी खोड्यांबद्दलच प्रसिद्ध. ते व्यवस्था, शेती, पडेल तें काम पाहूं लागले. (वर्गांतील सर्वांत व्रात्य मुलास मॉनिटर नेमण्याची युक्ति शिक्षकांस ठाऊक असते, मात्र ती दर वेळीं साधतेच असें नाहीं.) मंगेशराव रेग्यांकडे हिशेब, वडील बंधु रामुअण्णांकडे वसाहतीची व्यवस्था. गुन्हेगार म्हणून नांव झालेल्या दोघांवर तर वसाहतीची राखणच सोंपविली होती.

पात्रता सिद्ध होण्यापूर्वींच येथें जबाबदारी दिली गेली. यांत धोका आहे, आणि खरी कसोटी वरिष्ठाची आहे. काम बिघडतें, माल परत येतो, तारीख चुकते. अशा वेळीं वरिष्ठानें तें काम चारचौघांदेखत आपल्या हातीं परत घेतलें, कीं हाताखालचा मनुष्य समजून चुकतो : जबाबदारी दाखविण्यापुरती होती. पुढें तो प्रत्येक कागद सहीसाठीं वर पाठवूं लागतो. म्हणून चूक अज्ञानानें झाली कीं हयगयीनें, हें आधीं एकांतांत विचारावें. अज्ञानाची चूक त्याच्याच हातून दुरुस्त करवावी; हयगयीस मात्र क्षमा नको. शिवाय, ज्याला तारीख पाळावयाची त्याला माणसें निवडण्याचा व किरकोळ खर्चाचा अधिकारहि हवा. अधिकारावांचून दिलेली जबाबदारी ही निव्वळ शिक्षा होय.

लक्ष्मणरावांना हें त्या मानानें सोपें गेलें असावें. तोटा आला तर तो त्यांच्याच पदरीं पडणार होता. सरकारी कचेरींतील अधिकाऱ्यास हाताखालच्या माणसाच्या चुकीचा खुलासा हिशेबतपासनिसापुढें करावा लागतो. त्याची अडचण खरी आहे. त्यानें वर्षअखेरची सामानाची मोजणी किंवा एखाद्या बैठकीची तयारी असें लहान, पण संपूर्ण काम निवडावें, तें एकाच तरुणाकडे द्यावें आणि मुदत संपेपर्यंत त्याच्या टेबलाकडे फिरकूं नये.