भिडूची खूण

मे महिन्याच्या सुट्टींत वाड्याच्या ओसरीवर मेंढीकोटाचा डाव रंगला, म्हणजे समोरच्या भिडूस खूण करण्याची लबाडी कोणास सुचत नाहीं? हुकमाचा एक्का हातीं असला कीं खोकावयाचें, बदाम हवें असलें कीं छातीवर हात ठेवावयाचा! चोरी उघडकीस आली म्हणजे गलका होतो, पानें पुन्हां पिसलीं जातात आणि घटकाभरानें सर्व विसरतात. परंतु ब्रिजच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यांत असा नुसता संशय आला, तरी तो पन्नास वर्षें विसरला जात नाहीं.

ब्रिजही चौघांचा, दोन जोड्यांचा खेळ. 52 पत्ते, प्रत्येकास 13. प्रथम बोली, मग हात. बोलीस सांकेतिक अर्थ देण्याची मुभा आहे. मात्र प्रतिपक्षानें विचारल्यास तो अर्थ सांगितला पाहिजे. बोली व टाकलेलें पान यांवांचून दुसऱ्या वाटेनें भिडूस बातमी पोंचविणें, ही चोरी.

1965 सालीं ब्वेनोस आयरीस येथें बर्म्यूडा बोल या करंडकाचे सामने चालले होते. ब्रिटनचे टेरेन्स रीस व बोरिस शापिरो ही नामांकित जोडी. त्यांच्याशीं खेळतां खेळतां अमेरिकेच्या बी. जे बेकर यांना दिसलें कीं, पत्ते धरतांना या दोघांच्या बोटांची ठेवण दर डावाला निराळी असते. त्यांनीं डोरोथी हेडन व ॲलन ट्रस्कॉट यांना तें सांगितलें. मग गुपचूप टिपणें झालीं, वाटलेल्या पानांशीं ताडून पाहिलीं, आणि बोटें म्हणजे हातांतील बदामांची संख्या असा उलगडा निघाला. जागतिक संस्थेनें दोघांस दोषी ठरविलें; ब्रिटिश कर्णधारानें सामने सोडून दिले.

पण लंडनमध्यें सर जॉन फॉस्टर व जनरल लॉर्ड बोर्न यांनीं स्वतंत्र चौकशी केली आणि 1966 सालीं निकाल दिला कीं, आरोप निःसंशय शाबीत झाला नाहीं. त्यांच्या मनांतील अडचण मोठी मार्मिक होती. भिडूचीं बदामें किती हें ज्यास ठाऊक, त्याच्या खेळांत त्या ज्ञानाचा लाभ दिसावयास नको काय? तो पुरेसा दिसत नव्हता. चोर म्हणावें, तर मुद्देमाल कोठें आहे? अर्थात् धूर्त चोर दर वेळीं माल बाहेर काढील असेंही नाहीं! जागतिक संस्थेनें आपलें मत बदललें नाहीं. एकाच पुराव्यावर दोन निवाडे उभे राहिले ते राहिलेच.

पुढें टेबलावर आडवा पडदा आला, म्हणजे भिडूचें तोंडच दिसूं नये. तर 1975 सालीं बर्म्यूडा येथें इटलीच्या फाक्कीनी व झुकेल्ली यांचे पाय टेबलाखालीं एकमेकांस लागतात अशी ओरड झाली. दोघांस कडक समज मिळाली, आणि टेबलाखालींही आडोसा करावा लागला.

2015 सालीं पहारा कॅमेऱ्यानें केला. नॉर्वेच्या बोये ब्रोगेलंड यांनीं आपले पूर्वीचे संघसोबती, इस्रायलचे फिशर व श्वार्ट्झ, यांच्यावर उघड आरोप केला. सामन्यांचीं चलच्चित्रें सर्वांस पाहण्यास मोकळीं होतीं. वाटलेलीं पानें ज्यांत ठेवतात तो बोर्ड टेबलावर कोठें सरकविला, यावरून भिडूनें कोणत्या रंगाची उतारी करावी हें कळे, असें निरीक्षकांस आढळलें. जोडीवर बंदी आली. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पानें आधीं ठाऊक असलीं म्हणजे ढगांत हत्ती शोधणाऱ्यास हत्ती सांपडतोच. म्हणून पानें झांकून, केवळ खुणेवरून तीं ओळखावीं आणि मग पडताळावीं. पुनःपुन्हां जमलें, तरच तो उलगडा म्हणावयाचा.

त्याच वर्षीं माईके मेव्हियस या डच हौशी खेळाडू बाईंनीं चित्रें पाहून कळविलें कीं, इटलीचे फान्तोनी व नुनेस हे पहिलें पान कधीं उभें, कधीं आडवें टाकतात, आणि त्या ठेवणीचा हातांतील मोठ्या पानांशीं संबंध दिसतो. युरोपीय संस्थेनें दोघांवर बंदी घातली. प्रकरण लोझान येथील क्रीडा लवादाकडे गेलें. 2018 सालीं लवादानें ती बंदी रद्द केली. पान उभें पडलें कीं आडवें, हें चित्रांत कोणासही दिसतें; त्यामागें ठरवून केलेली खूण होती, हें मात्र लवादाचें समाधान होईल इतकें सिद्ध झालें नव्हतें.