कमी खेळला जाणारा खेळ आणि अकरावीचा प्रवेश : आपल्या मुलांपर्यंत हे का पोहोचत नाही?

2025 च्या दहावीच्या निकालात राज्यातील 211 विद्यार्थ्यांना 100 टक्के गुण मिळाले. त्यातील 113 एकट्या लातूर विभागाचे, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव जिल्ह्यांतले. शंभर टक्के पडतात तरी कसे? पेपरातील गुणांवर कला-क्रीडेचे सवलतीचे गुण चढतात, हे त्यामागचे एक मोठे कारण. खेळाचे गुण स्पर्धेच्या पातळीनुसार मिळतात, जास्तीत जास्त 25. पाचशेत पंचवीस म्हणजे पाच टक्के. लातूर-नांदेडच्या नावाजलेल्या कॉलेजांत अकरावी सायन्सची यादी अर्ध्या-एक टक्क्यावर बंद होते.

कबड्डी-क्रिकेटमध्ये तालुक्यालाच गर्दी असते. तलवारबाजी, सॉफ्टबॉल, सेपक टकरा, आट्यापाट्या यांत संघ कमी, त्यामुळे मेहनती मूल विभाग, राज्य पातळीपर्यंत लवकर जाते. जाणते पालक खेळ निवडतानाच हा हिशेब करतात. त्यात गैर काही नाही. पण हा हिशेब वस्तीतल्या मुलांना सांगणारे कोणी नसते. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. साध्या भाषेत, कोणता फॉर्म कधी भरायचा हे घरात कोणाला तरी माहीत असणे. आपली मुले पळतात, खेळतात, जिंकतातही. प्रस्ताव मात्र शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आणि तिथून विभागीय मंडळाकडे मुदतीत गेला नाही, तर गुण शून्य.

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया 2025 पासून राज्यभर लागू झाली. तिच्यात खेळाडूंना समांतर आरक्षणही आहे. 'आपण एससी, मग खेळाडूची जागाही एससीतलीच' असा समज पक्का आहे. तो चुकीचा आहे. सौरव यादव प्रकरणात (2020) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समांतर आरक्षणातील खुल्या जागा गुणवत्तेवर सर्वांना खुल्या असतात. तो खटला भरतीचा होता. ऑगस्ट 2024 मध्ये मध्य प्रदेशातील एमबीबीएस प्रवेशाच्या प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व लावले. अर्ज भरताना हे ध्यानात ठेवा.

एक भ्रम मात्र काढून टाका. खेळाच्या गुणांनी अकरावीचे दार उघडेल, पण आपल्याकडे एमबीबीएसची जागा नीटच्या गुणांवरच ठरते. आयआयटी मद्रासने 2024-25 पासून प्रत्येक बी.टेक. अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जागा वाढवल्या, त्यातली एक मुलींसाठी. तिथेही जेईई अॅडव्हान्स्ड पात्र व्हावेच लागते, शिवाय मागच्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पदक हवे. त्यांच्या यादीत ठरावीक खेळच आहेत, म्हणून नववीत खेळ निवडतानाच ती यादी पाहावी.

आता धोक्याचे. अनोळखी खेळाच्या नावाने प्रमाणपत्रे विकणारेही आहेत. ट्रॅम्पोलिन आणि टम्बलिंगच्या बनावट प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे राज्यात गाजली आणि पडताळणीत अनेकजण अडकले. 'परराज्यात नॅशनल आहे, पाच हजार भरा' असा फोन आला तर आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात दोन गोष्टी विचारा : ही संघटना मान्यताप्राप्त आहे का, आणि या स्पर्धेचे प्रमाणपत्र सवलतीच्या गुणांसाठी चालते का. तोंडी उत्तरावर थांबू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पैसे त्यानंतर.