आकाशाची रोजकीर्द

लोणावळ्याच्या आकाशांतून मुंबई-पुण्याकडे जाणारीं विमानें आतां मुकीं राहिलेलीं नाहींत. बहुतेक प्रवासी विमानें एडीएस-बी नामक यंत्रणेच्या योगानें आपली ओळख, स्थान, उंची व वेग १०९० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर कळवीत असतात. स्थान तर सेकंदास सुमारें दोनदां. छपरावर लहानशी अँटेना, संगणकास जोडलेला बोटभर रिसीव्हर व फुकट मिळणारी ‘डम्प १०९०’ ही आज्ञावली, एवढ्या सामग्रीवर कोणाही हौशी गृहस्थास हें बोलणें ऐकतां येतें.

यांत स्थळाचें महत्त्व मोठें. या लहरी जवळजवळ सरळ रेषेंत जातात. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें ६२० मीटर उंच. त्यामुळें मध्यें अडथळा नसल्यास दहा हजार मीटर उंचीवरील विमान चारशें किलोमीटरांवरूनही ऐकूं येणें शक्य आहे. उलट लोहगड-विसापूरच्या पायथ्याशीं राहणाऱ्यास डोंगराआडून कमी उंचीवर जाणारें विमान सांपडत नाहीं.

खरें कष्टाचें काम पुढेंच आहे. समजा, अहोरात्र तीस विमानें ऐकूं येतात. तर स्थानाच्याच नोंदी दिवसाला ५१,८४,००० होतील. त्याऐवजीं दर विमानाची दहा सेकंदांस एक नोंद ठेविली, तर संख्या २,५९,२०० वर येते आणि मार्गही समजतो. आपल्या पेढ्यांवर कीर्द व खतावणी निराळ्या असत. पोस्टग्रेससारख्या फुकट डेटाबेसांतही तोच न्याय: कालक्रमानें पडणारी नोंद ही कीर्द, विमानाच्या २४ बिटांच्या क्रमांकावरून लाविलेली सूची ही खतावणी. पावसाळ्यांत वीज गेली म्हणजे अर्धवट नोंद बिघडण्याचें भय असतें. यास्तव इन्व्हर्टर व निराळ्या डिस्कवर रोजची नक्कल अवश्य असावी.

हा खटाटोप घरीं कशाला, असें वाचक विचारतील. विमानांचे मार्ग दाखविणाऱ्या कंपन्या जुनी माहिती थोडेच दिवस फुकट दाखवितात. घरचें दप्तर मात्र आपल्या इच्छेनें टिकतें. लोहगांव हा वायुदलाचाही तळ असल्यामुळें तें चावडीवर मांडूं नये, एवढें तारतम्य हवें.

७ जुलै १९६२ रोजीं मध्यरात्रीनंतर अलितालियाचें मुंबईस येणारें विमान जुन्नरजवळ डोंगरावर आदळून ९४ जण प्राणांस मुकले. मुंबई आहे त्याहून जवळ आहे, अशा चुकीच्या अजमासानें तें अकालीं खालीं उतरविलें गेलें, असें चौकशींत निष्पन्न झालें. घरच्या वहीनें अपघात टळत नाहींत हें खरें. परंतु अजमास व नोंद यांतील अंतर तरुणांच्या अंगीं बाणविण्यास याहून स्वस्त शाळा आम्हांस ठाऊक नाहीं.