उंबरठ्यावरचे राखणदार

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर हे गाव आहे. तेथील घरांना चौकटी असतात. पण पूर्वापार रिवाज असा, की त्या चौकटींना दारे बसवायची नाहीत. कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप नाही. फार तर भटके कुत्रे आत शिरू नये म्हणून एखादी फळी टेकून ठेवायची. गावाची राखण शनिदेव करतो, अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आईच्या पोटातील बाळाचे घरही काहीसे असेच असते. गर्भाशयातून बाहेरच्या जगात येण्याची वाट म्हणजे योनिमार्ग. बाळाला पुढे याच वाटेने यायचे असते. तेव्हा ती कायमची बंद करून कसे चालेल? गर्भारपणात गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट स्रावाचा बोळा बसतो. ही झाली टेकलेली फळी. मग तिच्या अलीकडे राखण कोण करते? मौज अशी, की हे काम जंतूच करतात!

विरजणाचे भाऊबंद

१८९२ साली आल्बर्ट डॉडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी निरोगी गर्भवती स्त्रियांच्या योनिमार्गातील काडीच्या आकाराच्या जिवाणूंचे वर्णन केले. हे लॅक्टोबॅसिलस कुळातील जिवाणू. विरजणात याच कुळातले, पण वेगळ्या जातींचे जिवाणू असतात. दह्याला आंबटपणा आणणारे लॅक्टिक आम्ल हेच यांचेही हत्यार.

त्यांना खाऊ पुरवते आईचेच शरीर. योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखरसाठ्याची पिठूळ वस्तू असते. तिच्यापासून झालेल्या साखरांवर हे जिवाणू जगतात आणि आम्ल तयार करतात. तेथील सामू ४.५ च्याही खाली उतरतो. इतक्या आंबट जागी बहुतेक उपद्रवी जंतूंचा टिकाव लागत नाही.

राखणदार उठले तर?

कधी या राखणदारांची संख्या घटते. गार्डनेरेलासारखे दुसरे जिवाणू माजतात आणि आंबटपणा कमी होतो. काही जंतू वर सरकून बाळाभोवतीच्या आवरणांपर्यंत पोहोचले, तर तेथे दाह होतो. दाहातून निघणाऱ्या द्रव्यांमुळे गर्भाशय आकुंचन पावू लागते, आवरणे फाटतात आणि प्रसूती वेळेआधीच होते. पूर्ण दिवसांची प्रसूती साधारण ४० आठवड्यांची. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळे जन्मली. त्यांच्या अकाली जन्माला हे एकच कारण नव्हे. पण हे एक कारण आहे.

यावर जंतुनाशक औषध सरसकट द्यावे, असे कोणालाही वाटेल. पण प्रयोग वेगळे सांगतात. फ्रान्समध्ये धोका कमी असलेल्या गर्भवतींना लवकर असे औषध देऊन पाहिले. २०१८ साली निष्कर्ष आला, की अकाली प्रसूती त्याने कमी झाल्या नाहीत. जंतू मारणे सोपे, पण राखणदार परत आणणे अवघड! शिवाय लॅक्टोबॅसिलस कमी असूनही निरोगी असलेल्या स्त्रिया पुष्कळ असतात.

गडचिरोलीची पाहणी

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले ते डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. शंभरांत ९२ जणींना जननमार्गाचा एक ना एक विकार होता. त्यांत जंतुसंसर्गाचे विकार पुष्कळ होते. आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या किती होत्या? शंभरांत केवळ ८!

बाकीच्या गप्प का राहिल्या असतील? 'बाईच्या जातीला हे असायचेच,' असे म्हणून दुखणे अंगावर काढणे आपल्या घराघरांत चालत आले आहे. सूक्ष्मदर्शकाला हा संकोच दिसत नाही. पण रोग वाढतो तो त्याच्याच आडोशाने.

आपण काय करावे?

गर्भवतीची लघवी तपासणे हा साधा उपाय आहे. लघवीत जंतू असूनही कधी काहीच त्रास जाणवत नाही; मात्र ते मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात. येथे डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचा निश्चित उपयोग होतो. दुर्गंधीयुक्त स्राव, लघवीला जळजळ, ताप यांपैकी काही असल्यास लगेच आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगावे. आतून धुण्याचे द्रव मनाने वापरू नयेत. त्याने राखणदारच वाहून जातात. दही जरूर खावे, पण ते या उपचाराची जागा घेत नाही.

शिंगणापूरच्या घराला दार नसले तरी चालते. आपल्या घरात मात्र आई, ताई किंवा वहिनी आपल्या दुखण्यावर मौनाची कडी लावून बसली असेल, तर ती आधी उघडायला हवी.